हात कुनाचा?

कानाला वळसा घालताना श्वास रोखायचा, हा नियम आमच्या पेंटरनं केला होता आणि तो त्याच्या दुकानात हजर असलेल्या प्रत्येकाला लागू होता. मग तो गिऱ्हाईक असो, चहावाला असो, नाहीतर वर्गणी मागायला आलेलं मंडळ असो. माऊस धरून पेंटर पडद्यावरच्या कुणाच्या तरी कानापाशी पोचला, की डावा हात वर करायचा. कंडक्टरनं घंटीची दोरी धरावी तसा. त्या क्षणी सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि श्वास आत ठेवायचा. कान सुटला की हात खाली. मग आठ-दहा माणसं एकदम श्वास सोडायची. आमच्या नगरकडच्या अकोल्याच्या एसटी स्टँडसमोरून जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, आत प्राणायामाचा वर्ग चालतो.

हे सगळं मी प्लायवूडच्या भिंतीपलीकडून पाहत असे. एकाच गाळ्याचे दोन भाग केलेले. एकात त्याचं फ्लेक्स डिझाइनचं दुकान, दुसऱ्यात माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि शालेय साहित्याचं. मधल्या प्लायला टेबलाच्या उंचीवर वहीएवढं भोक होतं. पाडलं होतं वायर न्यायला, पण बारा-तेरा वर्षांत त्यातून वायरीपेक्षा चहा, बिस्किटं, पेनड्राइव्ह आणि टोमणेच जास्त गेले-आले. मला त्यानं नावानं कधी हाक मारली नाही. भोकातून आवाज यायचा, "ए झेरॉक्स, हायस का?" दीड हातावर बसलेला माणूस आणखी कुठं असणार?

त्यालाही सगळा तालुका पेंटरच म्हणायचा, जरी त्याच्या हातचा रंग सुटून जमाना झाला होता. पूर्वी तो शाळांच्या भिंतींवर सुविचार, टेम्पोच्या पाठीवर मोर आणि दुकानांवर पाट्या रंगवायचा. मग फ्लेक्स आले. बाकीचे रंगारी शेतीकडे वळले. ह्यानं कॉम्प्युटर आणला, तीन महिने दार लावून घेतलं आणि एकट्यानं शिकला. एक ब्रश तेवढा कानावर राहिला, तो कायमचाच. त्यानं तो कीबोर्ड झाडायचा आणि भलतंच काही मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर हळूच टेकवायचा. गिऱ्हाईक आपोआप गप्प बसे. नाकावर ब्रश असताना वाद घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या भागात वाढदिवस, निवड, बढती आणि मरण ह्या चारही गोष्टी फ्लेक्सवर घडतात. छापायचं मशीन संगमनेरला, अकोल्यात नुसतं डिझाइन. आणि डिझाइनमधलं खरं काम म्हणजे माणसाला त्याच्या फोटोतून बाहेर काढणं. फोटोत तो गोठ्यापुढं उभा असतो, मागं म्हशीचं अर्धं तोंड, बाजूला मेव्हणा. ते सगळं उडवायचं आणि त्या जागी काहीच ठेवायचं नाही. आरपार. हे 'काहीच नाही' कॉम्प्युटर करड्या-पांढऱ्या चौकटींनी दाखवतो. पेंटर त्याला फरशी म्हणायचा. "फरशी दिसली की मानूस सुटला." मग त्या सुटलेल्या माणसाला भंडारदऱ्याच्या पाण्यापुढं उभा करा, गडावर चढवा, नाहीतर वाघाशेजारी बसवा, तो कुठंही शोभतो.

ह्या कामाला सगळं जग कटिंग म्हणतं. पेंटरला तो शब्द चालत नसे. तो म्हणायचा, "कटिंग सलूनमधी. आमी मानूस सोडवतो."

तो मूळचा वरच्या अंगाच्या भाताच्या गावचा. त्यामुळं माणसाची कड म्हणजे त्याच्या लेखी भातखाचराचा बांध. पडद्यावरचा फोटो तो एवढा मोठा करायचा, की फोटोतल्या माणसाला त्याची सख्खी आई ओळखणार नाही. नुसते रंगीत ठोकळे. त्या ठोकळ्यांच्या मधून तो बांधावरून चालल्यासारखा एकेक पाऊल टाकत जायचा. चष्म्याची काच आली की ती अर्धीच आरपार करायची, म्हणजे मागचंही दिसेल आणि काचही राहील. फेट्याचा शेमला आला की थांबून पाणी प्यायचा. आणि कुणाच्या कोपराचा गव्हाएवढा तुकडा चुकून पलीकडं गेला, की चुकचुकत परत मागं यायचा. "दुसऱ्याचा बांध कोरायचा न्हाई," असं स्वतःलाच बजावायचा.

सॉफ्टवेअरमध्ये एक जादूची कांडी असते. पांढऱ्या रंगावर टेकवली की लगतचं सगळं पांढरं एका दमात धरते, बटण दाबलं की गायब. बाकीचे डिझाइनवाले कांडीवरच जगायचे. पेंटर तिला शिवत नसे. त्याचं म्हणणं, कांडीला रंग कळतो, माणूस कळत नाही. ह्या म्हणण्याचा पुरावा पुढं माझ्याच कृपेनं साऱ्या तालुक्याला मिळाला. तो सांगतोच. पण आधी हाताचं सांगायला हवं.

आपल्याकडं एकट्या माणसाचे फोटो फार नसतात. असतात ते लग्नातले, जत्रेतले, घोळक्यातले. आणि घोळक्यातला माणूस बाहेर काढला, की त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहतोच. चार बोटं, कधी अंगठी, कधी घड्याळ. बाकीचे डिझाइनवाले तो हात गुपचूप पुसून टाकत. पेंटर आधी खुर्ची फिरवायचा, ब्रश कानावरून काढायचा आणि गिऱ्हाइकाला विचारायचा, "हात कुनाचा?"

उत्तर मिळेपर्यंत काम पुढं जात नसे. लोक वैतागायचे. अहो, काय करायचंय तुम्हाला? पण त्याचं एकच, की ज्याचा हात काढायचा त्याचं नाव तरी माहीत पाहिजे.

एकदा ग्रामपंचायतीला उभा राहिलेला एक उमेदवार आला. त्याच्या खांद्यावरचा हात चौकशीअंती विरोधी उमेदवाराचा निघाला. दोघं एका बाकावर शिकलेले. उमेदवार अवघडून म्हणाला, मतदान होईस्तोवर काढा, मग परत लावू. पेंटरनं काढला. आणि मतदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, कुणी सांगितलं नसताना, हात परत लावून फोटो दोघांच्या घरी पाठवून दिला.

दुसऱ्या वेळी एक माय मुलाच्या लग्नाचा बायोडाटा करायला आली. मुलगा बत्तीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला, तोंडानं अगदी गाय. फोटोत त्याच्या खांद्यावर चार बोटं, नखांना गुलाबी रंग.

"हात कुनाचा?" पेंटरनं विचारलं.

मुलगा पंख्याकडं बघायला लागला. मग तोच प्रश्न मायनं विचारला, जरा वेगळ्या आवाजात. मी प्लायच्या भोकाला कान लावून उभा होतो, माझं एक गिऱ्हाईक माझ्या पाठीवर रेलून उभं होतं. तो बायोडाटा काही छापला गेला नाही. दोन महिन्यांनी लग्नाची पत्रिका मात्र छापली, त्या नखांच्या मालकिणीसोबत.

कापून उरलेलं पेंटर कधी टाकून देत नसे. सोडवलेला माणूस एका फाइलमध्ये, उरलेला फोटो दुसरीत. उरलेल्यात माणसाच्या आकाराचं आरपार भोक. मूळ फोटो तो ठेवत नसे, वाटणी झाल्यावर एकत्र खातं कशाला, म्हणायचा. ही उरलेली सगळी मंडळी 'उरलेले' नावाच्या फोल्डरात जायची. तिथं त्यांची नावंही असत. 'मेव्हणा, अर्धा.' 'म्हैस.' 'घड्याळवाला हात, कुनाला म्हाईत न्हाई.'

मी म्हणायचो, "पेंटर, हातांचं एकदा संमेलन भरवा."

"आन् कुनी न्यायला आलं तर?"

"हात न्यायला कोण येतं हो?"

"स्टँडात छत्री इसरलेली न्यायला येत्यात का न्हाई? तसं."

आता कांडीचं. आप्पा म्हणून आमच्याकडचे एक पुढारी. अंगानं भरदार, बोलायला मिठ्ठास, आणि कपडे डोक्यापासून घोट्यापर्यंत पांढरेशुभ्र. टोपी पांढरी, शर्ट पांढरा, पॅन्ट पांढरी. त्यांचा वाढदिवस आला आणि कार्यकर्त्यांनी फोटो आणून दिला. वरच्या एका गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं होतं, तिथला. नव्या टाकीला चुना दिलेला, तिच्यापुढं आप्पा हात जोडून उभे, गळ्यात झेंडूचा जाडजूड हार. त्यांना खेटून गावातली एक म्हातारी बाई, हातात ओवाळणीचं ताट. बाई काढायची, टाकी काढायची, आप्पा ठेवायचे.

पेंटर नेहमीप्रमाणं बुटापासून सुरू करून बांधाबांधानं निघाला. इकडं संगमनेरला पेनड्राइव्ह घेऊन जाणारी जीप हॉर्न वाजवायला लागली. आमचं इंटरनेट डोंगरातलं, एवढी मोठी फाइल त्यावरून जाणार कशी? कार्यकर्ते माझ्या दुकानात येरझाऱ्या घालत होते. मी भोकातून तोंड घातलं आणि म्हणालो, "पेंटर, आज मारा की कांडी. टाकी पांढरी हाये, एका टिचकीत जाईल."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा मी त्याला सोवळ्यात चप्पल घालायला सांगतोय. जीपवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. पेंटरनं डोळे मिटले आणि कांडी टेकवली. टाकी गेली. बाई रबरानं पुसली. आप्पा जागच्या जागी उभे दिसत होते. दिसणारच, कारण खाली पांढराच कागद अंथरलेला होता आणि पांढऱ्यावर पांढरं कुणाला कळतंय? त्या गडबडीत फरशीवर ठेवून बघायचं राहिलं. जीप गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. मागं भंडारदऱ्याचं निळंशार पाणी. त्या पाण्यावर, वर एक चेहरा, कपाळाच्या वर एकदम धरणाची भिंत. खाली हवेत जोडलेले दोन पंजे, त्यांना हात नाहीत. गळा नाही, पण गळ्यातला हार आहे आणि हाराच्या आतून लाटा दिसतायत. सगळ्यात खाली तपकिरी बुटांचा एक जोड. कांडीनं टाकीबरोबर टोपी, शर्ट आणि पॅन्टही नेली होती.

अख्खं स्टँड तिथं लोटलं. कुणी म्हणालं, आप्पांनी धरण पोटात घातलं हे ऐकून होतो, आज दिसलं. तेवढ्यात गाडी थांबली आणि खुद्द आप्पा उतरले. मागं हात बांधून त्यांनी स्वतःला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं.

"वाढदिवस हाय का जलसमाधी?" ते म्हणाले.

हसावं की नाही, हे कार्यकर्त्यांना कळेना. गर्दीतून पेंटर पुढं झाला. कानावर ब्रश, चेहरा उतरलेला. "चूक माझी हाय, आप्पा. चार वाजता दुसरा लावतो." मी गर्दीत तिसऱ्या रांगेत होतो आणि एका उंच माणसाच्या मागं आणखी थोडा सरकलो. पेंटरनं माझं नाव घेतलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. फक्त अधूनमधून भोकातून आवाज यायचा, "झेरॉक्स, कांडी देऊ का?"

मग तो पुन्हा बसला. तोच फोटो, ह्या वेळी हातानं. दोन तास लागले आणि त्यातला अर्धा वेळ एका जागेवर गेला. हात जोडल्यामुळं आप्पांचं कोपर बाहेर आलेलं आणि ते त्या बाईच्या खांद्यावर आडवं पडलेलं. पांढरी बाही कुठं संपते आणि हिरवं लुगडं कुठं सुरू होतं, ते तो तांदळातला खडा वेचावा तसं वेचत होता. मीही पापाचं प्रायश्चित्त म्हणून शेजारी बसलो होतो. तेव्हा ती बाई मी पहिल्यांदा नीट बघितली. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. ती आप्पांकडं बघत नव्हती, कॅमेऱ्याकडंही नाही. खाली, टाकीच्या नळाकडं बघत होती. नळाला पाणी आलं असावं, कारण असं हसू माणूस फोटोसाठी आणूच शकत नाही.

आप्पा सुटले आणि टोपीसकट चौकात लागले. बाई खांद्याला कोपराएवढं भोक घेऊन 'उरलेले'त गेली.

पुढं सगळंच बदललं. आता फोनवर बोट टेकवलं की माणूस आपोआप सुटतो, केसांसकट. कुणीतरी पेंटरला ते करून दाखवलं. त्यानं दहा वेळा करून बघितलं, मनापासून वाखाणलं आणि मग म्हणाला, "झ्याक हाय. हात कुनाचा, ते इचारतंय का?" दोन वर्षांपूर्वी त्यानं दुकान आवरलं आणि गावी भात करायला गेला. त्याच्या भागात आता मोमोज मिळतात. प्लायच्या भोकातून चटणीचा वास येतो.

पण तो जायच्या आदल्या वर्षी एक बाई आली होती, तिचं सांगितल्याशिवाय पेंटर पुरा होत नाही.

भात कापणीला आलेलं. चाळीस-बेचाळिशीची बाई, वरच्या गावातून जीपनं उतरलेली. तिनं रुमालाची गाठ सोडून आईचं आधारकार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. आई गेली होती, परवा दहावा. आमच्याकडं दहाव्याला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, भाषणं होतात, पुढारी येतात. आणि आईचा जगात दुसरा फोटो नव्हता. प्रत्येक लग्नकार्यात ती चुलीपुढं, फोटोवाला मांडवात. फोटो नसला की फ्लेक्सवर पणतीचं चित्र टाकतात. भाऊ म्हणत होता, तसंच करू.

"पनती नको मला," ती म्हणाली. "हिला जरा मानसात आना, दादा. पकडून आनल्यावानी दिसती हितं."

पेंटरनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. तिरकं केलं. उजेडाला धरून हनुवटीवरचे ठिपके बघितले. मग त्यानं ब्रश काढून टेबलावर ठेवला.

"ह्या बाईला मी कापलंय," तो म्हणाला.

ती पिशवी उराशी धरून दोन पावलं मागं सरकली. मी झेरॉक्सचं मशीन चालू तसंच सोडून पळत पलीकडं गेलो. मी घाबरलो होतो ते वेगळ्या कारणानं. इतक्या वर्षांत 'कापलं' हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नव्हता. माझी शंका ओळखून तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आप्पाला सोडवला. हिला कापली."

त्यानं 'उरलेले' उघडलं. पडद्यावरून हातांमागून हात जायला लागले. बाई धीर करून जवळ आली.

"हे समदे कुनाचे?"

"ज्यांचं नाव कुनाला म्हाईत नव्हतं, त्यांचे."

मेव्हणे गेले, म्हशी गेल्या, आणि मग 'ताटवाली' नावाची फाइल उघडली. मागं चुन्याची टाकी, शेजारी आप्पांच्या आकाराची करडी-पांढरी फरशी, आणि हिरव्या लुगड्यातली म्हातारी, हातात ताट, नळाकडं बघून हसतेय.

लेकीनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "टाकीचा दिस हाय ह्यो. पहाटं उठून लुगडं नेसून बसली हुती. मला म्हनली, फोटुत न्हाई यायचं मला, पानी येतंय का तेवढं बघायचंय." आणि जरा वेळानं, "आन् खांद्याला काय झालंय?"

"आप्पाचं कोपर हुतं तितं."

"आप्पाचं कोपर आमच्या आईच्या खांद्यात काय करत हुतं?"

मी सुचवलं की सोपं आहे, उजवा खांदा उलटा करून डाव्या जागी बसवू, कुणाला कळणार आहे? पेंटर नकारार्थी मान हलवायच्या आधी लेकच बोलली. तिनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. उजवा खांदा खाली उतरलेला होता. तीस वर्षं हंडा त्याच बाजूला. डावा तसा नव्हता.

"बघ," पेंटर मला म्हणाला, "बांध कोरायचा न्हाई."

मग काय करायचं? भोक तसंच ठेवलं तर फ्लेक्सवर खांद्यातून मागचं दिसणार. पेंटर हनुवटी धरून बसला. मीही बसलो. लेक पडद्याजवळ वाकली. आई पुरी कशी दिसेल हे बघायचं असावं तिला. तिनं आपला तळहात हळूच पुढं केला आणि त्या भोकावर ठेवला. भोक झाकलं गेलं. म्हातारीच्या खांद्यावर लेकीचा हात, आणि म्हातारी हसतेय.

पेंटरचा डावा हात वर गेला. मी सवयीनं श्वास रोखला.

"हात काढू नका," तो म्हणाला. "हाच लावायचा."

लेकीला कळेना. त्यानं समजावलं, की काहीतरी तिथं ठेवायचंच असेल तर ते तुमचं असू द्या, माझं बनवलेलं नको. दोघींचा मिळून एकही फोटो नव्हता, हे तिनं आम्हाला त्यानंतर सांगितलं.

हाताचा फोटो काढायचा तर खांदा पाहिजे. दोघांनी माझ्याकडं बघितलं.

पुढची वीस मिनिटं एसटी स्टँडच्या स्मरणात अजून आहेत. टाकीच्या फोटोत ऊन डावीकडून होतं, म्हणून मला भर रस्त्यावर आणलं. डोक्यावर लेकीचा हिरवा टॉवेल पदरासारखा, हातात चहाचा ट्रे, ट्रेत मी विकायला ठेवलेली डिंकाची बाटली, नारळ म्हणून. "डावा खांदा वर," पेंटर ओरडला, "उजव्यावर हंडा हाय. पानी हाय त्यात. अजून वाक." एका कंडक्टरनं गाडी थांबवून विचारलं, झेरॉक्सवाल्याला उजवलं का काय आज? खिडकीतून दहा डोकी बाहेर आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली ती बाई, आई जाऊन आठ दिवस झालेली, तोंडावर पदर घेऊन हसत सुटली. तिला थांबवेना.

"फेड कांडीचं," पेंटर कॅमेऱ्यामागून म्हणाला.

मग तो हात सोडवायला बसला. नखांत भातखाचरातला चिखल होता. काढू का, विचारलं, तर ती म्हणाली, राहू द्या, तिचा तसाच असायचा. विळ्याची जुनी खूण होती, तीही ठेवली. अडचण बांगड्यांची. बांगडी आणि मनगट ह्यांच्या मधे जी फट असते, ती प्रत्येक फट त्यानं वेगळी आरपार केली. त्यातून आईचं लुगडं दिसलं पाहिजे, नाहीतर हात चिकटवल्यासारखा दिसेल, असं तो पुटपुटत होता. एकेका फटीला डावा हात वर जायचा, आणि आम्ही तिघंही थांबायचो. शेवटच्या फटीतून हिरवा रंग चमकला, तेव्हा त्यानं माऊस सोडला.

"मागं काय ठेवू?" त्यानं विचारलं. "धरन हाय. देऊळ हाय. ढग हायेत."

"मागं काय बी नको," ती म्हणाली. "जलमभर ती समद्यांच्या मागंच हुती."

दहाव्याला आम्ही दोघंही गेलो. ओढ्याकाठी दोन झाडांच्या मधे फ्लेक्स बांधलेला. साध्या मातकट रंगावर म्हातारी, ताट, आणि चौकटीच्या कडेतून आत आलेला तो हात. माणसं येत होती, बघत होती, पुन्हा वळून बघत होती. भाऊ खाली मान घालून म्हणाला, पणती टाकली असती तर चुकलंच असतं.

मग आप्पा आले. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट. माईकवर उभे राहिले आणि म्हणाले, की मातोश्रींचा आणि आपला जुना स्नेह, त्यांची मूर्ती डोळ्यांपुढून हलत नाही. मी पेंटरकडं बघितलं. तो ओढ्याकडं बघत होता.

भाषण संपवून आप्पा फुलं वाहायला फ्लेक्सपाशी गेले आणि तिथं थबकले. मागं हात बांधून त्यांनी म्हातारीला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. मग वळून, माईकपासून दूर, साध्या आवाजात विचारलं, "खांद्यावरचा हात कुनाचा?"

माझ्या शेजारी पेंटरचा डावा हात वर गेला होता. त्याला स्वतःला ते ठाऊक नसावं.

बायकांच्या घोळक्यातून लेक उठली.

"माझा," ती म्हणाली.

आप्पांनी मान डोलावली आणि फुलं वाहिली. पेंटरचा हात खाली आला. त्यानं मला कोपरानं ढोसलं, "इचारलं बघ," असं कानात म्हणाला, आणि मग श्वास सोडला.